साक्षीदारांच्या रकान्यातली आत्या

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका देशस्थ घराण्याची वंशावळ नव्याने लिहायला घेतली, तेव्हा हे प्रकरण वर आलं. घराण्याच्या जुन्या छापील कुळवृत्तांतात नानांच्या नावाखाली ‘कन्या ३’ अशी नोंद आहे. मुली प्रत्यक्षात चार. दुसरीला गाळलेलं. वंशावळीचं काम अंगावर घेतलं ते सगळ्यांत धाकटीच्या लेकीने. तिला लहानपणापासून एवढंच ठाऊक की आपली आणखी एक मावशी होती आणि ती ‘पळून गेली’. पळून कुठे, तर विश्वामित्रीवरचा काळा घोड्याचा पूल ओलांडून फतेगंजात. सायकलवर अर्धा ताससुद्धा लागत नाही. तरी मावशी वारेपर्यंत दोन्ही घरांत उघड येणं-जाणं नव्हतं.

मावशी वारल्यावर तिच्या मुलाने आईच्या ट्रंकेतले कागद आपल्या मावसबहिणीपुढे ठेवले. त्यात दोन-तीन ठिकाणी मोडी होती, म्हणून कागद माझ्याकडे आले. इथे कोणाचं नाव-आडनाव देत नाही. नाना, माई (नानांची बायको), मावशी, आत्या या घरातल्या हाकांवर भागतं.

आधी घरात काय सांगत असत ते सांगतो. मावशी सतरा वर्षांची, अजाण. मुलगा गुजराती, पादरा तालुक्यातला पाटीदार, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. एके दिवशी कॉलेजला म्हणून गेली ती परत आलीच नाही. घरात कोणाला कसली चाहूलही नव्हती. नानांनी मनात आणलं असतं तर मुलगा तुरुंगात गेला असता, पण पोरीच्या अब्रूसाठी ते गप्प राहिले. मुलाच्या बापानेही त्याला जमिनीतून काढून टाकलं. एवढी गोष्ट. नानांची विधवा बहीण, म्हणजे मुलींची आत्या, त्याच साली बडोदं सोडून ग्वाल्हेरला दिरांकडे राहायला गेली, हेही घरात सांगत, पण ते वेगळ्या संदर्भात: दिराने बोलावलं, तिलाही सासरच्या देवाची ओढ लागली, वगैरे. या दोन गोष्टी कोणी एका वाक्यात कधी उच्चारल्या नव्हत्या.

साल १९५७. तेव्हाचं बडोदं डोळ्यांपुढे असल्याशिवाय हे लग्न कळायचं नाही. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि गायकवाडी नोकरीवर उभी असलेली मराठी घरं पेन्शनवर आली. नाना त्यांतलेच. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य सुरू झालं होतं. एकीकडे महागुजरातचं आंदोलन, दुसरीकडे संयुक्त महाराष्ट्राचं. बडोद्याचा मराठी माणूस दोन्हींच्या मध्ये. गावातले गुजराती त्याला पिढ्यानपिढ्या ‘दक्षिणी’ म्हणत आले होते, आणि आता गाव नेमकं कोणाचं हा प्रश्न सभांमधून विचारला जात होता. अशा दिवसांत दांडिया बाजारातल्या मुलीने पाटीदाराच्या मुलाशी लग्न करणं हे जातीबाहेरचं होतंच, वर ते भाषेचं भांडण घरात आणणंही होतं. नानांचा राग समजून घ्यायचा तर हे विसरून चालणार नाही.

आणि नानांच्या पिढीला अशा लग्नाचं उदाहरण परकं नव्हतं. ते खुद्द राजवाड्यातलं होतं. सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी घालणारा निबंध (म्हणजे कायदा) केला, १९०८ मध्ये नोंदणी विवाहाचा केला, पुढे १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचाही. लग्नाच्या कायद्यात त्यांच्याइतकं पुढे गेलेलं संस्थान शोधून सापडायचं नाही. त्याच महाराजांची कन्या इंदिराराजे. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं. १९११ मध्ये तिने स्वतः पत्र लिहून ते मोडलं आणि १९१३ मध्ये लंडनला कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केलं. आई-वडील त्या लग्नाला नव्हते. जितेंद्र नारायण यांची आई सुनीतीदेवी ही ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांची मुलगी. केशवचंद्रांच्या खटपटीने १८७२ चा नोंदणी विवाहाचा कायदा झाला, आणि १८७८ मध्ये त्यांनीच सुनीतीचं लग्न त्या कायद्याच्या वयाआधी लावलं म्हणून ब्राह्मो समाज फुटला. कायदा करणारा आणि मुलीचा बाप हे एकाच माणसात किती वेगळे असू शकतात, हे बडोद्याने आणि कलकत्त्याने दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे. नाना तर साधे पेन्शनर.

आता कागद.

पहिला कागद फतेगंजातला नाही, दांडिया बाजारातलाच. माईंच्या देवघराखालच्या खणात चारही मुलींच्या जन्मपत्रिका गुंडाळून ठेवलेल्या होत्या. वृत्तांतातून नाव गेलं, पत्रिका गेली नाही. तिच्यावर जन्म शके १८५९, कार्तिक. म्हणजे नोव्हेंबर १९३७. लग्नाच्या वेळी मावशीला एकोणीस पूर्ण होऊन सहा महिने झालेले. सतराचा आकडा कुठून आला ते कळत नाही, पण तो कशासाठी लागला ते कळतं. १९४९ नंतर दंडविधानात मुलीला पळवून नेण्याच्या गुन्ह्यासाठी वयाची मर्यादा अठरा होती. सतरा म्हटलं की नानांच्या हातात फिर्याद होती आणि ती त्यांनी सोडली, असा त्याग उभा राहतो. एकोणीस म्हटलं की हातात काहीच नव्हतं. घराला पहिली गोष्ट हवी होती. बापाची हतबलता सांगण्यापेक्षा त्याचा मोठेपणा सांगणं पोरांपुढे सोपं जातं, आणि त्यात मला कोणाचा खोटेपणा दिसत नाही. पण मावशीचं वय तिला परत मिळायला हवं होतं.

दुसरा कागद नोटिशीची नक्कल. हे लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं. दोघं हिंदू, तेव्हा १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली भटजी बोलावून सप्तपदी करता आली असती. जात वेगळी असणं हा अडथळा १९४९ च्या कायद्यानेच दूर केलेला होता. पण तसं लग्न उद्या कोणी नाकारलं, तर सिद्ध कशावर करायचं? भटजी पालटला, फोटो नाही, मग सगळं तोंडी. विशेष विवाह कायद्यात अधिकाऱ्याने प्रमाणपत्र वहीत चढवलं की तोच निर्णायक पुरावा. घरचं कोणी पाठीशी नसणाऱ्यांनी हा रस्ता का धरला ते उघड आहे. त्याची किंमत मात्र एक महिना. नोटीस द्यायची, ती कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावायची, तीस दिवस वाट पाहायची. कोणालाही हरकत घेता येते, पण फक्त कायद्यातल्या अटींवर: आधीचा जोडीदार हयात आहे, वय कमी आहे, नातं निषिद्ध आहे, मनाची स्थिती ठीक नाही. ‘आम्हाला पसंत नाही’ हे कारण तिथे बसत नाही.

मावशीची नोटीस १८ एप्रिल १९५७ ची. लग्न २७ मे १९५७ चं. नोटिशीच्या नमुन्यात वय, धंदा यांच्याबरोबर राहण्याचं ठिकाण आणि तिथे किती काळ राहत आहात असे रकाने असतात. मावशीच्या रकान्यात दांडिया बाजारातल्या नानांच्या घराचा पत्ता आहे, आणि मुदतीपुढे ‘जन्मापासून’.

म्हणजे नोटीस दिल्यापासून लग्नापर्यंत ती घरातच होती. माईंच्या हातचं जेवत होती, वार्षिक परीक्षा देत होती, आणि तिच्या बापाचा पत्ता सरकारी फळ्यावर लागलेला होता. याला पळून जाणं म्हणायचं असेल तर म्हणा. मला हे फार धीराचं वाटतं. एखादा दिवस धीर धरणं वेगळं आणि महिनाभर रोज सकाळी उठून त्याच घरात वावरणं वेगळं.

घरात कोणालाच माहीत नव्हतं, हेही मग तसंच राहत नाही. तेव्हाच्या दांडिया बाजारात दर दोन घरांआड कोणीतरी सरकारी कचेरीत नोकरीला. तीस दिवस फळ्यावर असलेला पत्ता एकाही ओळखीच्या नजरेला पडला नाही, हे मानायला जड जातं. नोटीस-वहीतल्या त्या पानावर हरकतीची एक ओळही नाही. हरकत घ्यायची तर ती लेखी नोंदवून खाली सही करावी लागते, आणि मुलीच्या नावाखाली बापाची सही कायमची वहीत राहते. नानांना कळलं असेल आणि त्यांनी ती सही केली नसेल, अशीही शक्यता आहे. मी तिला शक्यताच म्हणतो.

(एक गोष्ट इथेच बोलून टाकतो. आज वंशावळ लिहिणाऱ्याला ही तीस दिवसांची नोटीस सोन्यासारखी वाटते, कारण तिच्यात पत्ते आणि वयं सापडतात. पण ज्यांची नावं तिच्यात असतात त्यांच्यासाठी तो महिना जिवावरचा असू शकतो, आणि आपल्याला मिळालेला पुरावा त्यांच्या भीतीतून आलाय हे ध्यानात ठेवायला हवं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर सोडलं, ते मला योग्य वाटलं.)

तिसरा कागद लग्नाचं प्रमाणपत्र, आणि खरं प्रकरण इथे आहे. या कायद्यात साक्षीदार तीन लागतात. पहिली सही गुजरातीत, दुसरी इंग्रजीत, तिसरी मोडीत. तिन्ही सह्या एकाखाली एक. वरच्या दोन तरुण माणसांच्या, झपाट्याने केलेल्या. तिसरी जपून, शिरोरेघ आधी आखून घेऊन मग अक्षरं खाली सोडलेली, मध्ये कुठेतरी बोरूची सवय असलेल्या हाताने टाकाने लिहिताना शाई थोडी फुटलेली. फतेगंजातल्या घरात हा कागद साठ वर्षांहून जास्त काळ होता, पण मुलांना ती सही म्हणजे कोणीतरी जुनं माणूस एवढंच कळे. मावशीने सांगितलं नाही. दांडिया बाजारातल्या मंडळींनी तर कागद पाहिलाच नव्हता.

सही आत्याची आहे. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव, सगळं पूर्ण.

आत्या तेव्हा पंचावन्नच्या आसपास. बालपणी विधवा होऊन भावाकडे आलेली. सयाजीरावांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचं केलं त्या पिढीतली, म्हणून लिहिता-वाचता येणारी. घरात तिच्या नावावर काही नव्हतं. दोन वेळचं अन्न, लुगडं, देवदर्शन, सगळं भावाच्या हातून. अशा बाईने भावाच्या इच्छेविरुद्ध सरकारी कागदावर सही करायची म्हणजे स्वतःच्या पायाखालची जमीन काढून द्यायची. वर-वधूला नोकरी होती, भाड्याची खोली होती, एकमेकांची सोबत होती. आत्याला यातलं काहीच नव्हतं.

ती ग्वाल्हेरला गेली ते याचमुळे, हे केवळ सालं जुळतात म्हणून म्हणता आलं नसतं. त्यासाठी एक पोस्टकार्ड आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या टपालाचा शिक्का, जानेवारी १९५८, पत्ता देवनागरीत आणि मजकूर मोडीत, म्हणजे पोस्टमनने आणि घरातल्या पोरांनी वाचू नये असा. सुरुवातीला मावशीच्या डोहाळ्यांची चौकशी. आंबट फार खाऊ नकोस, पाय सुजले तर सांग. मग मधेच तीन ओळी. दादाने विचारलं की सही तुझीच का, मी हो म्हणाले. त्यावर तो काही बोलला नाही आणि नंतरही बोलला नाही. अबोल्याच्या घरात राहण्यापेक्षा दिराकडे बरं, इथे धुणं-स्वयंपाक आहे पण बोलतात. शेवटी पुन्हा प्रकृतीची काळजी, आणि दादाला बोल लावू नकोस असं निक्षून.

हे कार्ड वाचून दाखवलं तेव्हा वंशावळ लिहिणाऱ्या भाचीने मला ते पुन्हा वाचायला सांगितलं. तिच्या लहानपणी आत्याआजीचा विषय निघाला की देवाची ओढ एवढंच कारण तिने ऐकलेलं. आत्या १९६६ मध्ये ग्वाल्हेरलाच वारली. बडोद्याला परत आली नाही.

मुलाच्या बाजूचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण तिथे कागद स्पष्ट आहे. पादऱ्याकडच्या गावाचं जुनं हक्कपत्रक, म्हणजे गाव नमुना ६, आता स्कॅन होऊन गुजरात सरकारच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर, एनीआरओआरवर, दिसतं. त्यात १९५९ ची नोंद आहे: मुलाने स्वतःच्या जबाबाने भावांच्या लाभात हक्क कमी केला, म्हणजे सोडला. बापाने काढून टाकलं अशी कागदोपत्री गोष्ट नाही. ज्याला हा कायदा ठाऊक नाही त्याला ही नोंद उलगडत नाही. त्या काळी विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणारा हिंदू एकत्र कुटुंबातून आपोआप विभक्त झाला असं धरलं जाई. कलम १९. दोघंही हिंदू असतील तर हे लागू नाही, अशी दुरुस्ती व्हायला १९७६ उजाडलं. विभक्त झाला म्हणजे हिस्सा बुडाला असं नाही. उलट त्याचा हिस्सा वेगळा ठरला आणि तो कधीही मागू शकतो. भावांना धास्ती त्याची होती. सही घेतली की त्याने आपणहून दिली, हे नोंदीतून कळत नाही, पण घराबाहेर ‘बापाने काढलं’ असं सांगितल्यावर कोणालाच पुढे प्रश्न पडत नाही. जातीच्या पंचांचा बहिष्काराचा ठराव मात्र कुठे नाही आणि असणारही नव्हता. बडोद्यात १९३३ पासून ज्ञातित्रासाविरुद्ध निबंध होता, मुंबई राज्यात १९४९ पासून बहिष्कृत करायला बंदी होती. बहिष्कार झाला तो आमंत्रणं न येण्यातून, आणि न आलेल्या आमंत्रणाला कागद नसतो.

उरल्या माई. त्यांच्या बाजूने एकच वस्तू बोलते. फतेगंजातल्या स्वयंपाकघरात साखरेचा पितळी डबा आहे. झाकणावर आपल्याकडे भांड्यावर कोरतात तसं कोरलंय: मावशीचं माहेरचं नाव, त्यापुढे सौ. म्हणून सासरचं नाव, ‘आईकडून’, आणि ऑगस्ट १९५८ ची तारीख. ती तारीख मावशीच्या थोरल्या मुलाच्या बारशाची. दोन्ही नावं एका ओळीत. भांडं गावातल्याच कोणा कारागिराने कोरलं असणार, आणि माईंना त्याच्यापुढे ती दोन्ही नावं उच्चारून सांगावी लागली असणार. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. घरात नानांपुढे त्या मुलीचा विषय काढत नसत, असं सगळे सांगतात.

तेव्हा ‘आई-वडिलांच्या संमतीशिवाय’ हे शब्द या लग्नाला लावताना मी थबकतो. वडिलांची संमती नव्हती, हे खरं. आईची कधी आली ते डब्यावर लिहिलंय. घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाची संमती पहिल्या दिवसापासून होती आणि ती शाईने नोंदलेली आहे. कुळवृत्तांताला एकाच माणसाचं मत घराचं मत म्हणून धरायची सवय असते, म्हणून त्यात ‘कन्या ३’ येतं. अशा लग्नांचा शोध घेणारे बहुधा वर-वधूच्या मागे जातात. माझं सांगणं असं की प्रमाणपत्राची नक्कल काढाच. विशेष विवाहाची प्रमाणपत्र-वही कायद्यानेच सर्वांना पाहायला खुली आहे आणि फी भरून प्रमाणित उतारा मिळतो. आणि हातात आली की आधी साक्षीदारांचा रकाना वाचा. जोडप्याचं पुढे काय झालं ते सहसा घराला माहीत असतं. त्यांच्यासाठी कोण उभं राहिलं आणि त्याला नंतर कुठे जावं लागलं, हे माहीत नसतं.

वंशावळीत काय लिहायचं यावर घरात वाद झाला. थोरल्या बहिणीचे चिरंजीव, आता पंचाहत्तरीचे, यांचं म्हणणं की मुलीचं नाव घाला, पण सहीचं आणि कार्डाचं काढू नका. नानांना उगाच कमीपणा येतो. त्यांचं बोलणं मी मनापासून ऐकलं. त्यांनी नानांना म्हातारपणी सांभाळलेलं आहे. पण आत्याच्या नावापुढे जुन्या वृत्तांतात ‘बालविधवा, निपुत्रिक’ एवढंच छापलंय, आणि तिने आयुष्यात स्वतःच्या मनाने केलेली एक मोठी गोष्ट कागदावर असताना ती पुन्हा गाळायची, हे मला मान्य होण्यासारखं नव्हतं. भाचीलाही नव्हतं. शेवटी कार्डाचा मजकूर वंशावळीत घ्यायचा नाही, तो दोन्ही घरांकडे नकलेच्या रूपाने राहील, आणि सहीची नोंद मात्र करायची, असं ठरलं. नानांच्या नावाखाली आता ‘कन्या ४’ आहे. दुसरीपुढे: जन्म कार्तिक शके १८५९, विवाह नोंदणी पद्धतीने, बडोदे, २७ मे १९५७, साक्षीदारांत आत्या. आत्याच्या नावापुढेही तीच तारीख टाकली आहे.

प्रमाणपत्रावरची इंग्रजी सही कोणाची ते मावशीच्या मुलाच्या ध्यानात आलं आहे. वडिलांच्या प्रयोगशाळेतला सहकारी, हे गृहस्थ निवृत्तीनंतर आणंदला राहत. गुजराती सहीचा पत्ता विद्यापीठाच्या वसतिगृहाचा आहे. त्या सालची वसतिगृहाची यादी मिळाली की तेही नाव लागेल, मग वंशावळ छापायला द्यायची.